रसेल वेस्टब्रूकचा २०१७ मधील करार

रसेल वेस्टब्रूकचा २०१७ मधील करार हा अमेरिकन बास्केटबॉलपटू रसेल वेस्टब्रूक आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ यांच्यात २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेला पाच वर्षांचा करार होय. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच हंगामांसाठी तो लागू होता आणि त्याचे एकूण मूल्य सुमारे २० कोटी ७० लाख डॉलर होते. करार संपण्यापूर्वी वेस्टब्रूकची चार वेळा अदलाबदल झाली. या करारावर तो चार संघांकडून खेळला आणि पाचव्या संघाकडे गेल्यावर एकही सामना न खेळता मुक्त झाला. अतिशय महाग करार असलेल्या नामवंत खेळाडूची अदलाबदल कशी होते, तिची किंमत कोण मोजतो आणि खेळाडूच्या खेळापेक्षा कराराची रक्कमच व्यवहाराचा विषय कशी बनते, हे समजण्यासाठी या कराराचा उल्लेख वारंवार केला जातो.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९८८ साली जन्मलेल्या वेस्टब्रूकला २००८ च्या ड्राफ्टमध्ये सिॲटल सुपरसॉनिक्सने चौथ्या क्रमांकावर निवडले. त्यानंतर काही दिवसांतच हा संघ ओक्लाहोमा सिटीला हलवण्यात आला आणि त्याचे नाव थंडर झाले. केव्हिन ड्युरँट, जेम्स हार्डन आणि वेस्टब्रूक या तरुण त्रयीच्या बळावर संघाने २०१२ साली अंतिम फेरी गाठली. त्याच वर्षी हार्डन ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला. २०१६ मध्ये ड्युरँट मुक्त खेळाडू म्हणून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला आणि थंडरच्या हाती मोबदल्यादाखल काहीही उरले नाही.

पुढच्या हंगामात वेस्टब्रूकने सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी कामगिरी केली आणि सर्वोत्तम खेळाडूचा (एमव्हीपी) किताब पटकावला. गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत एकाच सामन्यात दोन अंकी संख्या गाठणे म्हणजे ट्रिपल-डबल. त्या हंगामात त्याने असे ४२ सामने खेळून ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ मधील ४१ चा विक्रम मोडला. ओक्लाहोमा सिटी हे लीगमधील लहान शहरांपैकी एक आहे. बाहेरचे नामवंत खेळाडू तेथे आपणहून क्वचितच येतात. अशा संघासमोर वेस्टब्रूकला हवी ती रक्कम देणे किंवा दुसऱ्यांदा रिकाम्या हाती राहणे, एवढेच दोन मार्ग होते. करार पुढे ज्यांना डोईजड झाला, त्यांच्या टीकेत ही बाब बहुधा सुटून जाते.

कराराचे स्वरूप

एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर दरवर्षी ठरणारी वेतनमर्यादा असते. ती लीगच्या उत्पन्नाशी जोडलेली असते. एका खेळाडूला जास्तीत जास्त किती वेतन देता येईल, हेही या मर्यादेच्या टक्केवारीत ठरते. दहा किंवा अधिक वर्षे खेळलेल्यांसाठी हे प्रमाण ३५ टक्के आहे. २०१८-१९ ची मर्यादा १० कोटी १९ लाख डॉलर ठरल्याने वेस्टब्रूकचे पहिल्या वर्षाचे वेतन ३ कोटी ५७ लाख डॉलर झाले. त्यानंतर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या ८ टक्के इतकी वाढ मिळायची होती. करार झाला तेव्हा वर्तमानपत्रांत २० कोटी ५० लाख हा आकडा छापून आला, तो पुढच्या वर्षीच्या मर्यादेचा अंदाज धरून काढलेला होता.

कराराची संपूर्ण रक्कम हमीची होती. दुखापत झाली किंवा खेळ ढासळला तरी ती कमी होणार नव्हती. पाचव्या वर्षी करार चालू ठेवायचा की सोडायचा, हा पर्याय खेळाडूकडे होता. त्या वर्षाचे वेतन ४ कोटी ७१ लाख डॉलर होते आणि तेव्हा वेस्टब्रूक चौतिशीत असणार होता.

वेतनमर्यादा वर्षागणिक वाढत राहील आणि कराराचा भार तुलनेने हलका होत जाईल, असा अशा करारांमागचा हिशोब असतो. प्रत्यक्षात कोविड-१९ च्या साथीमुळे लीगचे उत्पन्न घटले आणि २०२०-२१ ची मर्यादा आदल्या वर्षीइतकीच, म्हणजे १० कोटी ९१ लाख डॉलरवर ठेवण्यात आली. वेस्टब्रूकचे वेतन मात्र ठरल्याप्रमाणे वाढत राहिले. पहिल्या वर्षी ते मर्यादेच्या ३५ टक्के होते, २०२१-२२ मध्ये ते ३९ टक्क्यांवर गेले.

अदलाबदलीचे नियम

युरोपीय फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्याला पैसे देऊन खेळाडू विकत घेतो. एनबीएमध्ये तसे करता येत नाही. अदलाबदलीत देता येणाऱ्या रोख रकमेवर कडक मर्यादा असते आणि खेळाडू आपल्या चालू करारासह जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. संघाचा खर्च आधीच वेतनमर्यादेवर असेल, आणि बहुतेक संघांचा तो असतोच, तर येणाऱ्या व जाणाऱ्या खेळाडूंच्या वेतनांचा मेळ बसवावा लागतो. २०२३ पर्यंतच्या नियमांनुसार मोठ्या व्यवहारांत संघाला पाठवलेल्या वेतनाच्या १२५ टक्के अधिक १ लाख डॉलर इतके वेतन परत घेता येत असे.

याचा परिणाम असा, की ४ कोटी डॉलरच्या खेळाडूला पाठवायचे तर समोरच्या संघाकडून तेवढ्याच वजनाचे वेतन उचलावे लागते. ते वजन दोन प्रकारे जमते. एक तर तितकाच महाग, बहुधा तितकाच नकोसा झालेला दुसरा करार घ्यायचा, किंवा मध्यम वेतनाचे तीन-चार खेळाडू एकत्र घ्यायचे. दोन बाजूंच्या मूल्यातील फरक भरून काढण्यासाठी पुढील वर्षांच्या ड्राफ्टमधील निवडीचे हक्क दिले जातात. म्हणूनच महाग कराराची किंमत पुष्कळदा आजच्या संघाऐवजी चार-पाच वर्षांनंतरचा संघ मोजतो.

नकोशा करारांची परस्पर अदलाबदल ही काही नवी गोष्ट नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनने गिल्बर्ट अरीनासला ऑरलँडोकडे पाठवून रशार्ड लुईसला घेतले होते. दोघांचेही करार दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचे होते आणि दोघांचाही बहर ओसरला होता.

ह्यूस्टन (२०१९)

वेस्टब्रूकच्या नेतृत्वाखाली थंडर २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला. जुलै २०१९ मध्ये सहकारी पॉल जॉर्ज लॉस एंजेलस क्लिपर्सकडे गेला. त्याच्या बदल्यात थंडरला शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि ड्राफ्टमधील अनेक हक्क मिळाले. संघाची नव्याने बांधणी करण्याचे ठरल्यावर सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी काही दिवसांतच वेस्टब्रूकलाही ह्यूस्टनकडे पाठवले.

बदल्यात आलेल्या क्रिस पॉलचा करार वेस्टब्रूकच्या कराराचा जुळा भाऊ म्हणावा असा होता. दोघांचीही सुरुवात २०१८-१९ मध्ये सर्वोच्च वेतनावर झाली होती, वार्षिक वाढ सारखी होती आणि २०१९-२० चे वेतन दोघांचेही ३ कोटी ८५ लाख डॉलर होते. फरक एवढाच, की पॉलचा करार एक वर्ष आधी संपत होता, आणि पॉल वेस्टब्रूकहून तीन वर्षांनी मोठा होता. ह्यूस्टनने पॉलसोबत २०२४ आणि २०२६ चे पहिल्या फेरीतील हक्क, तसेच २०२१ आणि २०२५ मध्ये क्रमांक बदलून घेण्याचे हक्क दिले. या सर्वांवर काही अटींचे संरक्षण होते.

त्या वेळी पॉलच्या कराराची गणना लीगमधील सर्वांत अवजड करारांत होत होती आणि थंडर त्याला लगेच पुढे पाठवील असा अनेकांचा कयास होता. तसे झाले नाही. पॉल २०१९-२० मध्ये पुन्हा ऑल-स्टार संघात निवडला गेला, थंडर प्लेऑफमध्ये पोहोचला आणि पहिल्या फेरीत ह्यूस्टनशीच सात सामने झुंजला. नोव्हेंबर २०२० मध्ये फिनिक्स सन्सने त्याला घेतले, तेव्हा थंडरला वर पहिल्या फेरीचा आणखी एक हक्क मिळाला. २०२१ साली पॉलसह फिनिक्स अंतिम फेरीत पोहोचला. ज्या कराराची धास्ती घ्यावी असे मानले जात होते, तो दीड वर्षात दोनदा नफ्याचा ठरला. कराराचे आकडे या काळात तसूभरही बदलले नव्हते.

ह्यूस्टनच्या वाट्याला याउलट अनुभव आला. वेस्टब्रूकने सरासरी २७.२ गुण मिळवले, पण तीन गुणांच्या शॉटमध्ये तो कच्चा असल्याने प्रतिस्पर्धी त्याला दूर मोकळा सोडत आणि हार्डनभोवती गर्दी करत. त्याला आत घुसण्यासाठी जागा मिळावी म्हणून संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला उंच मध्य खेळाडू क्लिंट कापेला यालाही पाठवून दिले आणि ठेंगण्या संघाचा प्रयोग केला. दुसऱ्या फेरीत लेकर्सने ह्यूस्टनला ४-१ ने हरवले. त्यानंतर प्रशिक्षक माइक डी'अँटोनी आणि सरव्यवस्थापक डॅरिल मोरे दोघेही संघ सोडून गेले आणि वेस्टब्रूकलाही तेथे राहायचे नव्हते.

वॉशिंग्टन (२०२०)

२ डिसेंबर २०२० रोजी ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन विझार्ड्स यांनी वेस्टब्रूक आणि जॉन वॉल यांची अदलाबदल केली. वॉशिंग्टनने वॉलसोबत पहिल्या फेरीचा एक संरक्षित हक्कही दिला. वॉलचे त्या हंगामाचे वेतन ४ कोटी १३ लाख, तर वेस्टब्रूकचे ४ कोटी १४ लाख डॉलर होते. दोन्ही करार एकाच वर्षी संपत होते. वॉलच्या टाचेवर जानेवारी २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर अकिलीसचा स्नायुबंध तुटला होता आणि पूर्ण २०१९-२० हंगाम तो खेळला नव्हता. एवढ्या वेतनाच्या खेळाडूसाठी तेवढ्याच वेतनाचा दुसरा खेळाडू देऊ शकणारे संघ लीगमध्ये मोजकेच होते. त्यामुळे निवडीला वाव फारसा नव्हता.

वॉशिंग्टनला यात थोडाफार लाभ झाला. वेस्टब्रूकने हंगामात पुन्हा ट्रिपल-डबलची सरासरी राखली, १० मे २०२१ रोजी अटलांटामध्ये कारकिर्दीतील १८२ वी ट्रिपल-डबल नोंदवून रॉबर्टसनचा एकूण संख्येचा विक्रमही मोडला, आणि १७-३२ अशा अवस्थेतून संघाला प्लेऑफपर्यंत नेले. ह्यूस्टनसाठी वॉल पहिल्या हंगामात ४० सामने खेळला. जानेवारी २०२१ मध्ये हार्डन ब्रुकलिनला गेल्यावर संघ तरुण खेळाडूंकडे वळला. २०२१-२२ मध्ये परस्पर संमतीने वॉलला एकाही सामन्यात उतरवले गेले नाही आणि त्याला ४ कोटी ४३ लाख डॉलर वेतन मिळाले. संपूर्ण वर्ष शोधूनही त्याला घेणारा संघ सापडला नाही. २०२२ च्या जूनमध्ये ह्यूस्टनने बायआउट करून, म्हणजे उरलेल्या रकमेबाबत तडजोड करून, त्याला मुक्त केले.

लॉस एंजेलस लेकर्स (२०२१)

चारपैकी सर्वाधिक चर्चिली गेलेली अदलाबदल हीच. लेकर्स २०२० चे विजेते होते. २०२१ मध्ये मात्र पॉलच्या फिनिक्सने त्यांना पहिल्याच फेरीत हरवले. लेब्रॉन जेम्स आणि ॲंथनी डेव्हिस यांच्या जोडीला तिसरा मोठा खेळाडू हवा, असे संघाने ठरवले.

व्यवहाराचे गणित नियमांनी आखून दिले होते. लेकर्सने काइल कूझमा (१ कोटी ३० लाख), केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप (१ कोटी ३० लाख) आणि माँट्रेझ हॅरेल (९७ लाख) यांना पाठवले. तिघांचे मिळून वेतन सुमारे ३ कोटी ५८ लाख डॉलर होते. त्याचे १२५ टक्के अधिक १ लाख म्हणजे सुमारे ४ कोटी ४८ लाख, आणि वेस्टब्रूकचे त्या हंगामाचे वेतन ४ कोटी ४२ लाख. तिघांपैकी एकालाही मागे ठेवले असते तर व्यवहार नियमात बसला नसता. शिवाय त्या वर्षीचा बाविसाव्या क्रमांकाचा हक्कही वॉशिंग्टनला द्यावा लागला. लेकर्सना वेस्टब्रूकसोबत दुसऱ्या फेरीचे दोन हक्क मिळाले.

अडचण पुढे उभी राहिली. जेम्स, डेव्हिस आणि वेस्टब्रूक या तिघांचे वेतन मिळून १२ कोटी डॉलरच्या वर गेले, तर त्या हंगामाची वेतनमर्यादाच ११ कोटी २४ लाख होती. मर्यादा ओलांडूनही संघ चालवता येतो, पण मग नवे खेळाडू बहुतांशी किमान वेतनावरच घ्यावे लागतात आणि वर लक्झरी टॅक्स भरावा लागतो. त्याच उन्हाळ्यात मुक्त झालेला बचावपटू ॲलेक्स करूसो शिकागो बुल्सकडे गेला. रिकाम्या जागा कार्मेलो अँथनी आणि ड्वाइट हॉवर्ड अशा कारकिर्दीच्या अखेरीला आलेल्या खेळाडूंनी भरल्या गेल्या. चेंडू हातात असताना धोकादायक ठरणारा वेस्टब्रूक जेम्सशेजारी चेंडूविना उभा राहू लागला, तेव्हा ह्यूस्टनमधली जुनीच उणीव पुन्हा उघडी पडली. संघाने ४९ सामने गमावले, ३३ जिंकले आणि तो प्लेऑफलाही मुकला. हंगाम संपताच प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांना काढून टाकण्यात आले.

प्रेक्षकांचा राग प्रामुख्याने वेस्टब्रूकवर निघाला. हुकलेल्या शॉटवरून त्याच्या आडनावाचे विडंबन होऊ लागले. मार्च २०२२ मध्ये त्याने पत्रकारांसमोर सांगितले, की या विडंबनाचा त्रास आता कुटुंबाला होतो आहे आणि मुलांना सामन्याला आणणेही नकोसे वाटते. करार देणारा संघ वेगळा, तो विकत घेणारा वेगळा आणि त्याचा जाब द्यावा लागणारा खेळाडू तिसराच, अशी ही स्थिती होती. जून २०२२ मध्ये त्याने पाचव्या वर्षाचा पर्याय स्वीकारला. एवढे वेतन दुसरीकडे कोठेही मिळणे शक्य नसल्याने त्यात कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

यूटा आणि कराराचा शेवट (२०२३)

करार शेवटच्या वर्षात आल्यावर त्याचे स्वरूप पालटले. काही महिन्यांत संपणारे वेतन घेण्यास नव्याने बांधणी करणारे संघ सहज तयार होतात, कारण पुढील हंगामासाठी त्यांचा खर्च मोकळा होतो. लेकर्सने २०२२-२३ ची सुरुवात २-१० अशी केली. नवे प्रशिक्षक डार्विन हॅम वेस्टब्रूकला राखीव खेळाडू म्हणून उतरवू लागले.

९ फेब्रुवारी २०२३ रोजी लेकर्स, यूटा जॅझ आणि मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज यांच्यात तिहेरी अदलाबदल पूर्ण झाली. वेस्टब्रूक दोन सहकाऱ्यांसह यूटाकडे गेला. सोबत लेकर्सचा २०२७ चा पहिल्या फेरीचा हक्क होता, जो पहिल्या चार क्रमांकांत आल्यास लेकर्सकडेच राहणार होता. माइक कॉन्ली यूटाहून मिनेसोटाला गेला. लेकर्सकडे डीअँजेलो रसेल, मलीक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आले. तिघांचे वेतन मिळून ५ कोटी १३ लाख डॉलर होते. वेस्टब्रूकचे ४ कोटी ७१ लाखांचे वेतन हाताशी नसते तर हे तिघे नियमात बसवून एकदम आणणे लेकर्सना जमले नसते. दीड वर्ष ज्या आकड्याने संघाचे हात बांधले होते, त्याच आकड्याने आता तीन जागा भरल्या. लेकर्स सातव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये शिरले, मेम्फिस आणि गोल्डन स्टेट यांना हरवून पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि तेथे डेन्व्हर नगेट्सकडून ०-४ असे पराभूत झाले. त्या डेन्व्हर संघात कॉल्डवेल-पोप होता. त्या वर्षीचे विजेतेपद त्यानेच मिळवले. करूसोने पुढे २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून विजेतेपद पटकावले.

यूटाने वेस्टब्रूकला न खेळवता बायआउट केले आणि तो क्लिपर्समध्ये दाखल झाला. पुढच्या, २०२३-२४ च्या हंगामात त्याचे वेतन ४० लाख डॉलरपेक्षा कमी होते, म्हणजे आदल्या करारातील शेवटच्या वर्षाच्या बाराव्या हिश्शाहूनही थोडे.

नंतरचे नियम

२०२३ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील नव्या सामूहिक करारानुसार लक्झरी टॅक्सच्या वर खर्चाच्या आणखी दोन पायऱ्या ठरवण्यात आल्या. पहिल्या पायरीवरील संघांना पाठवले त्याहून अधिक वेतन परत घेण्यास टप्प्याटप्प्याने मनाई झाली. दुसऱ्या पायरीवरील संघांना २०२४ पासून अनेक खेळाडूंची वेतने एकत्र जोडून एक मोठा करार घेता येत नाही. २०२१ मध्ये लेकर्सनी केलेला तीन खेळाडूंच्या बदल्यात एक असा व्यवहार या संघांसाठी आता बंद आहे.

नव्या व्यवस्थेतील अडचण ब्रॅडली बीलच्या बाबतीत दिसून आली. त्याने २०२२ मध्ये वॉशिंग्टनशी केलेल्या सुमारे २५ कोटी १० लाख डॉलरच्या करारात, आपल्या संमतीविना अदलाबदल होऊ नये, अशी एनबीएमध्ये दुर्मीळ असलेली अट होती. २०२३ मध्ये फिनिक्सने त्याला घेतले तेव्हा ही अटही सोबत आली. बदल्यात पाठवलेल्यांत क्रिस पॉल होता. पुढे फिनिक्स दुसऱ्या पायरीच्याही वर गेला आणि बीलला पाठवण्याचे मार्ग एका बाजूने नियमांनी, दुसऱ्या बाजूने त्या अटीने रोखले गेले. जुलै २०२५ मध्ये संघाने बायआउटचा मार्ग पत्करला. बीलने सुमारे १ कोटी ३९ लाख डॉलर सोडले आणि दोन वर्षांची उरलेली रक्कम पाच हंगामांवर विभागण्यात आली. बील क्लिपर्सकडे गेला. त्याच्या वेतनापोटी दरवर्षी सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर फिनिक्सच्या खात्यात २०२९-३० च्या हंगामापर्यंत धरले जाणार आहेत.